मॉड्यूल बदलण्याआधी ठोका कुठे हरवतो ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी तीन वर्षं जुना, सुरुवातीच्या दर्जाचा इलेक्ट्रॉनिक ड्रम किट आहे. आठ इंची मेश (जाळीचे) पॅड, रबरी सिंबल (झांजा), सगळ्या केबल एका २५ पिनी कनेक्टरमधून मॉड्यूलमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या मुख्य डब्यात, जातात. स्नेअरवरच्या (मुख्य ड्रमवरच्या) घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलके ठोके, गायब होतात, हाय-हॅट (पायाच्या पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी) बटण दाबल्यासारखा उघडतो-मिटतो आणि आवाज खोटा वाटतो. सेकंड-हँड रोलँड टीडी-१७ मॉड्यूल मिळतोय. तो घ्यावा, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालवावं, की किटच नवा घ्यावा?

टीडी-१७ चांगला मॉड्यूल आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी तो हमखास सोडवेल अशी एकच, आवाजाची. घोस्ट नोटचं दुखणं बहुतेक आहे त्याच मॉड्यूलमध्ये एका संध्याकाळच्या सेटिंगने बरंचसं कमी होईल. हाय-हॅटचं दुखणं मॉड्यूल बदलल्यावरही तसंच राहू शकतं, कारण त्याचं मूळ पुष्कळदा पेडलमध्ये असतं. म्हणून पैसे काढण्याआधी थोडी तपासणी करू.

मॉड्यूल नावाच्या डब्यात दोन वेगळी कामं चालतात. एक, ठोका वाचणं: कुठल्या पॅडवर, किती जोरात, हेडवर (मधल्या पडद्यावर) की रिमवर (कडेवर). दुसरं, त्या वाचनावरून आवाज काढणं. ही दोन्ही कामं वेगवेगळ्या यंत्रांना देता येतात, आणि तुमच्या किटमध्ये यातलं कुठलं कच्चं आहे यावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

आधी वाचनाचं काम कसं चालतं ते पाहा, कारण पुढची सगळी सेटिंग त्यातूनच समजतात. पॅडच्या आत पितळी चकतीवर बसवलेलं पिएझो, म्हणजे धक्का बसला की वीज तयार करणारा छोटा सेन्सर, असतं. स्टिक आपटली की ते थरथरतं आणि तेवढ्यापुरता व्होल्टेज तयार होतो. हा व्होल्टेज एका स्वच्छ उसळीत येऊन संपत नाही. पहिली उसळी, मग उतार, मग लहान होत जाणाऱ्या लाटा असा तो विरतो. यातून मॉड्यूलला ठोका कधी सुरू झाला, त्याचं शिखर किती उंच होतं आणि मागून येणाऱ्या लाटा नवा ठोका आहेत की जुन्याचीच थरथर, एवढं सगळं काही मिलीसेकंदांत ठरवायचं असतं. म्हणून ठोका लागल्यावर ते साधारण दोन मिलीसेकंद थांबून शिखर शोधतं, त्याला स्कॅन टाइम म्हणतात. त्यानंतर थोडा वेळ नवा ठोका मोजायचाच नाही असं ठरलेलं असतं, तो मास्क टाइम. मॉड्यूल महाग होत जातो तसा हा निर्णय अचूक होत जातो, आणि तो तुमच्या हाताप्रमाणे बदलण्याची मुभाही वाढते.

आता किट यूएसबीने लॅपटॉपला जोडा. ठोक्यांची माहिती मिडी नावाच्या सांकेतिक भाषेत तिकडे जाते. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पडद्यावर प्रत्येक ठोक्याबरोबर नोटचा क्रमांक आणि वेलॉसिटी (ठोक्याचा जोर) दिसेल. किक (पायाने वाजणारा ड्रम) बहुधा ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पेडल ४४, उघडा हाय-हॅट ४६. वेलॉसिटी १ ते १२७.

स्नेअरवर जमेल तितक्या हलक्या ठोक्यापासून सुरुवात करा आणि वीस-पंचवीस ठोक्यांत पूर्ण जोरापर्यंत जा. आकडे चढत गेले पाहिजेत. पहिले सात-आठ ठोके उमटलेच नाहीत तर वाचनाची खालची बाजू बंद आहे. मध्यम जोरातच १२७ येऊन तिथे चिकटला तर वरची बाजू कापली जातेय. मग मॉड्यूलचा आवाज बंद करून फक्त आकडे बघत एखादा ग्रूव्ह वाजवा, ज्यात घोस्ट नोट किकच्या जोडीने पडतात. एकट्याने वाजवलेल्या घोस्ट नोट दिसतात आणि किकबरोबरच्या गळतात, असं झालं तर दोष क्रॉसटॉकच्या (एका पॅडचा धक्का दुसऱ्यावर पोचण्याच्या) सेटिंगचा. शेवटी हाय-हॅटचं पेडल अगदी सावकाश दाबा. मिडीमध्ये पेडलची जागा कंट्रोलर क्रमांक ४ वर येते. आकडे ओळीने बदलतात, की तीन-चार ठिकाणी उड्या मारतात, की फक्त दोनच दिसतात, हे लिहून ठेवा.

या अर्ध्या तासाने चित्र बरंच स्पष्ट होतं. आकडे चांगले पसरलेले असूनही आवाज मेल्यासारखा वाटत असेल, तर तुमचा मॉड्यूल वाचतो नीट, फक्त बोलतो वाईट. तेव्हा नवा मॉड्यूल लागत नाही, नवा आवाज लागतो. आकडेच तुटक असतील तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर लावलं तरी ते तुटकच वाजेल.

सेटिंग करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठोक्याला किती मोठा आकडा द्यायचा ते. ती अशी ठेवा की तुमच्या अंगातल्या सगळ्या जोराने मारलेला रिमशॉटच (हेड आणि रिमवर एकदम पडणारा ठोका) १२० च्या पुढे जाईल. बहुतेक घरगुती किटांवर ती गरजेपेक्षा वर ठेवलेली सापडते, कारण त्यामुळे पहिल्या दिवशी वाजवणाऱ्याला आवाज भरदार वाटतो. त्याच वेळी हलक्या आणि मध्यम ठोक्यांतला फरक पुसला जातो. मग थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्याखालचा ठोका मोजलाच जात नाही ती पातळी. तो शून्यावर न्या, शेजारचे पॅड आणि किक जोरात वाजवा, स्नेअर आपोआप वाजला तर एकेक अंकाने वर चढा आणि थांबलं की तिथेच सोडा. तुमच्या घोस्ट नोट गायब होण्याचं पहिलं संशयित कारण हेच आहे. तिसरी पायरी कर्व्हची, म्हणजे जोर वाढेल तसा आकडा कसा चढतो त्याची. सरळ रेषेचा कर्व्ह घेऊन दोन-तीन दिवस वाजवा, मगच दुसरा बघा. कर्व्ह बदलून सेन्सिटिव्हिटीची चूक झाकायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

क्रॉसटॉकवर मी मुद्दाम वेळ घालवतो, कारण घोस्ट नोट वाजवणाऱ्यांचं सर्वाधिक नुकसान इथे होतं. एका पॅडचा धक्का रॅकच्या नळीतून दुसऱ्या पॅडपर्यंत पोचतो आणि तो पॅड उगाच वाजतो. ते थांबवायला मॉड्यूल असा नियम लावतं की एका पॅडवर मोठा ठोका पडला असताना त्याच क्षणी दुसऱ्यावर लहान सिग्नल आला, तर तो खोटा समजायचा. नियम योग्य आहे, पण किकच्या जोडीने पडलेली खरी घोस्ट नोटसुद्धा त्याला खोटीच दिसते. म्हणून क्रॉसटॉक सेटिंगने मारण्याआधी मुळात थांबवा. रॅकचे क्लॅम्प घट्ट करा, पॅडच्या दांड्याभोवती रबराची पट्टी गुंडाळा, लोंबणाऱ्या केबल पॅडच्या कडेला आपटत नाहीत ना ते बघा, आणि शक्य असेल तर स्नेअर रॅकवरून काढून वेगळ्या स्टँडवर ठेवा. या शेवटच्या एका बदलानंतर क्रॉसटॉक निम्म्यावर आणता येतो असा माझा अनुभव आहे.

मास्क टाइम आणि रीट्रिगर (एकाच ठोक्याची दुसरी नोट रोखणारं सेटिंग) शेवटी. एका ठोक्याला दोन नोट उमटत असतील तरच त्यांना हात लावा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत बत्तीसाव्याच्या नोटांमधलं अंतर ६२.५ मिलीसेकंद असतं, आणि प्रेस रोलमध्ये (काठी दाबून काढलेल्या सलग थरथरीत) ठोके त्याहून दाट पडतात. आठ-दहा मिलीसेकंदांचा मास्क कुणालाच जाणवत नाही. पण दुहेरी ठोके थांबवण्यासाठी तो चाळीस-पन्नासपर्यंत नेला की रोल गिळायला लागतो. दुहेरी ठोके बहुधा सैल मेशमुळे येतात. मेश चावीने समान ताणा, काठी नीट उसळेल इतपत, आणि मग सेटिंगकडे वळा.

मेश काढलाच आहे तर आतला फोमचा शंकू बघून घ्या. त्याच्याखाली पिएझो असतं आणि त्याचं टोक मेशला हलकं टेकलेलं असावं लागतं. तीन वर्षांत फोम दबतो किंवा कडक होतो, मग मधोमध मारलेला ठोका फार मोठा आणि कडेचा फार लहान वाचला जातो. पिएझोच्या वायरचं सोल्डरिंग सुटणं हाही नेहमीचा दोष आहे. कुठला भाग खराब आहे हे कळायला सोपी युक्ती: स्नेअरची केबल टॉमला आणि टॉमची स्नेअरला लावा. दोष पॅडबरोबर सरकला तर पॅड खराब, केबलबरोबर राहिला तर केबल किंवा मॉड्यूलचं इनपुट. पिएझोची चकती मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत अगदी किरकोळ किमतीत मिळते, फक्त जुन्या चकतीचा व्यास मोजून घेऊन जा. कोकणात, मुंबईत, किंवा कुठेही पावसाळ्यात जॅकवर थर चढतो आणि त्यामुळे पॅड मध्येच बंद पडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर केला की बरेचदा काम होतं.

आता हाय-हॅट, जो माझ्या मते घरगुती किटचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. ड्रमरचा डावा पाय अर्ध्या उघड्या हाय-हॅटवर सतत बोलत असतो, आणि स्वस्त पेडलला फक्त 'उघडा' आणि 'बंद' या टोकांजवळच काही कळतं. चांगल्या पेडलमध्ये दाबाप्रमाणे सलग बदलणारा सिग्नल असतो. मात्र कंपन्यांची रचना एकसारखी नाही: रोलँड, यामाहा आणि इतरांच्या पेडलमध्ये सिग्नल प्लगच्या कुठल्या भागावर येतो आणि दाबल्यावर कुठल्या दिशेने बदलतो, यात फरक पडतो. त्यामुळे एका कंपनीचं पेडल दुसऱ्याच्या मॉड्यूलवर उलटं चालणं किंवा अर्धवट चालणं नेहमीचं आहे. टीडी-१७ घ्यायचं ठरवलंत तर त्याच्याबरोबर रोलँडचंच एफडी-८ किंवा एफडी-९ पेडल धरा. खऱ्या हाय-हॅट स्टँडवर बसणारा व्हीएच-१० मिळाला तर त्याहून उत्तम. तो बसवल्यावर मॉड्यूलमध्ये ऑफसेट (बंद स्थिती कुठे धरायची ते) जुळवावाच लागतो, नाहीतर बंद हाय-हॅटही थोडा उघडाच वाजत राहतो.

पॅडच्या बाबतीतही जुळणी बघावी लागते. रोलँडच्या स्नेअर पॅडमध्ये हेडला एक आणि रिमला एक अशी दोन पिएझो असतात. यामाहाच्या बऱ्याच पॅडमध्ये हेडला पिएझो आणि रिमला स्विच असतो. हेड सगळीकडे वाजतं, रिमच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो. सिंबलचंही तसंच. यामाहाची तीन झोनची राइड (मोठी सिंबल) एकाच टीआरएस (स्टीरिओ प्लगच्या) केबलवर बो (वरचा पृष्ठभाग), एज (कड) आणि बेल (मधला घुमट) देते. रोलँडच्या सीवाय-१३आरसारख्या राइडला बेलसाठी दुसरी केबल लागते, म्हणजे मॉड्यूलचं आणखी एक इनपुट जातं. रोलँडचे डिजिटल पॅड, म्हणजे पीडी-१४०डीएस स्नेअर किंवा सीवाय-१८डीआर राइड, यूएसबीने जोडले जातात आणि टीडी-२७ किंवा टीडी-५० सारख्या डिजिटल इनपुट असलेल्या मॉड्यूलवरच चालतात. ते स्वस्तात दिसले तरी टीडी-१७ साठी घेऊ नका.

आवाजाबद्दल थोडक्यात. स्नेअरवर एकाच जोराने सोळाव्याच्या नोटा वाजवा. सगळ्या हुबेहूब सारख्या ऐकू आल्या तर मॉड्यूलकडे त्या जोरासाठी एकच नमुना आहे, आणि कानाला जो खोटेपणा जाणवतो तो इथून येतो. टूनट्रॅकचं सुपीरियर ड्रमर ३, ईझीड्रमर ३ किंवा एक्सएलएनचं अॅडिक्टिव्ह ड्रम्स २ अशा सॉफ्टवेअरमध्ये एकाच जोराच्या ठोक्यासाठी अनेक ध्वनिमुद्रणं असतात आणि ती फिरवून वाजवली जातात. सुपीरियर ड्रमर ३ चा मूळ साठाच २३० जीबीच्या घरात आहे, त्यामुळे ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्याच्या मागे लागू नका. ईझीड्रमर तिथे व्यवस्थित चालतं. पैसे न घालता चव बघायची असेल तर स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ ची फुकट आवृत्ती किंवा एमटी पॉवर ड्रमकिट २ घ्या.

इथे लेटन्सीचा, म्हणजे ठोका आणि आवाज यांच्यातल्या उशिराचा, प्रश्न येतो. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे १.३ मिलीसेकंद, ४४.१ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे ५.८. त्यात ट्रिगर (ठोका) वाचायचा आणि इंटरफेसचा स्वतःचा वेळ मिळवा. आवाज हवेत एक मीटर जायला सुमारे तीन मिलीसेकंद घेतो, त्यामुळे एकूण आठ-दहाच्या आत असलात तर हात गोंधळत नाही. हे साधायला विंडोजवर स्वतःचा एसिओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर असलेलं ऑडिओ इंटरफेस लागतं. लॅपटॉपच्या साध्या हेडफोन जॅकवर सहसा जमत नाही. मॅकवर काम सोपं जातं. ब्लूटूथ हेडफोन मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, त्यांचा उशीर शंभर मिलीसेकंदांच्या पुढे जातो. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू आली तर सॉकेटचं अर्थिंग तपासा.

तपासणीत वाचनच कच्चं निघालं आणि लॅपटॉप वापरायची तयारी असेल, तर माझी पहिली पसंती फक्त ट्रिगर वाचणाऱ्या इंटरफेसला आहे. ऑडिओफ्रंटचं ई-ड्रमिन १० हे त्यातलं मी मनापासून सुचवतो असं यंत्र. त्यात आवाज नाहीच. दहा टीआरएस इनपुट, यूएसबीवर चालणारं आणि लॅपटॉपवरच्या अॅपमधून प्रत्येक पॅड जुळवता येणारं. वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅड एकत्र वापरता येतात आणि हाय-हॅट बारकाईने जुळवता येतो. स्नेअरवर मध्यापासून कडेपर्यंत ठोका कुठे पडला हेसुद्धा ते ओळखू शकतं, जे टीडी-१७ करत नाही. तुमच्या पॅडच्या मागे नेहमीचे टीआरएस जॅक असतील तर २५ पिनी जुडगा बाजूला ठेवून प्रत्येक पॅडला सुटी केबल लावायची, एवढंच. आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं, तेव्हा कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच हिशेब करा.

एक पर्याय महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या घरात आधीच पडून असतो. ऑर्केस्ट्रा किंवा बँजो पार्टीत वाजवणाऱ्यांकडे ऑक्टोपॅड (आठ पॅडचं एकत्र वाद्य) असतो, आणि २०१० साली आलेल्या रोलँड एसपीडी-३० ला बाहेरचे पॅड आणि हाय-हॅट पेडल जोडता येतं, यूएसबीने मिडीही बाहेर काढता येते. स्नेअर आणि हाय-हॅट त्याच्यात घालून बाकीचं जुन्या मॉड्यूलवर ठेवलं, तर काही न खरेदी करता चांगल्या वाचनाचा फरक हाताला कळतो. मित्राचा मागून आणा आणि एक रविवार वाजवून बघा.

मग टीडी-१७ कुणासाठी? ज्याला ऑफिसहून आल्यावर बटण दाबून लगेच वाजवायचं आहे, लॅपटॉप उघडायचा नाही, घरात मुलंही शिकतायत, त्याच्यासाठी. २०१८ साली आलेल्या या मॉड्यूलमध्ये टीडी-५० च्या आवाजांवर आधारलेले मुळात ५० तयार किट आहेत, एसडी कार्डवरून स्वतःचे नमुने घालता येतात, सरावासाठीचा कोच विभाग खरोखर उपयोगी आहे, आणि यूएसबीवरून ऑडिओही जातो. तुमच्या गरजेला तो पुरेल. लॅपटॉप चालत असेल तर मात्र त्याच पैशात मी दहा किंवा बारा इंची दोन झोनचा (हेड आणि रिम वेगळे वाजणारा) स्नेअर पॅड, चांगलं हाय-हॅट पेडल आणि सॉफ्टवेअर घेईन, आणि हे तिन्ही पुढे कुठलाही मॉड्यूल घेतलात तरी बहुतांशी कामाला येतील. पेडल घेताना वर सांगितलेली जुळणी तेवढी तपासा. अख्खा किट नवा घ्यायची गरज आज मला दिसत नाही.

सेकंड-हँड टीडी-१७ बघायला जाल तेव्हा आपला एक पॅड, एक टीआरएस केबल आणि हेडफोन घेऊन जा. सुरुवातीलाच फॅक्टरी रीसेट करायला सांगा, कारण आधीच्या मालकाच्या सेटिंगमुळे चांगला मॉड्यूल वाईट आणि वाईट मॉड्यूल चांगला वाटू शकतो. मोठा गोल नॉब सावकाश फिरवा, आकडे उड्या मारायला नकोत. क्रॅश २ आणि ऑक्स या पॅडसाठीच्या दोन सुट्या जॅकमध्ये प्लग घालून हलवून बघा. अॅडॅप्टर मूळचा आहे का ते पाहा. नसेल तर मॉड्यूलवरचं व्होल्टेज आणि प्लगच्या ध्रुवांचं चिन्ह अॅडॅप्टरशी जुळवल्याशिवाय चालू करू देऊ नका. मागच्या २५ पिनी सॉकेटमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा आणि बिघाड किंवा गंज दिसतो का बघा. या मॉड्यूलची बाकीची सगळी पॅडची इनपुट त्या एकाच सॉकेटमधून येतात आणि तुमच्या सध्याच्या किटचा केबलचा जुडगा तिथे बसला तरी आतली जोडणी तीच असेल असं धरता येत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे टीडी-१७ चा स्वतःचा केबल जुडगा आहे का हे घरून निघण्याआधी फोनवर विचारा, आणि नसेल तर त्याची किंमत वजा करूनच भाव करा.